वापरात नसलेलं नाव

मी चौथी शिकलो, तीही पुरी नाही. तरी आमच्या गावात जेवढी कोरलेली अक्षरं आहेत तेवढी माझ्या हातानं भिंतीत बसलेली आहेत. मारुतीच्या पायऱ्या, शाळेची कमान, सोसायटीचं गोडाऊन, दर्ग्याची ओसरी, कुठंही जा. दगडावर कुणाचं ना कुणाचं नाव आहे आणि दगडाच्या चारी बाजूंनी माझी थापी फिरलेली आहे. वाचायला मला वेळ लागतो, बसवायला लागत नाही. पन्नास वर्षं गवंडीकाम केलं, एक दगड वाकडा बसवला नाही. आणि आता या वयात एका दगडावरून गाव माझ्यावर उठलंय. म्हातारा चळला म्हणतात. म्हणून हे लिहायला बसलो. माफी मागायला नाही, काय घडलं ते सांगायला.

दगड आत्याच्या नावाचा होता. आणि तिच्या नावाचा दगड गावात दिसू देणार नाही, असा शब्द मी तिला दिला होता.

आत्या म्हणजे माझी सख्खी आत्या नव्हे, सगळ्या गावाची. गावची लेक. तिकडं कर्जतच्या बाजूला दिली होती. दोन वर्षं नांदली आणि एक दिवस एसटीतून उतरली ती कायमची. का आलीस असं कुणी विचारलं की म्हणायची, "तिथलं पानी जड हुतं." त्यापुढं एक शब्द नाही. नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनी नाव घ्यायचा लई आग्रह केला तर उखाण्यात म्हशीचं नाव घ्यायची, तेही यमक जुळवून.

अशी परत आलेली बाई गावात मान खाली घालून राहते. आत्यानं मान खाली घातली ती गाजरगवत उपटायला. कमरेला पिशवी, पिशवीत खुरपं. जिथं उभी राहील तिथं बसकण मारायची आणि गवत काढायला लागायची. एसटीची वाट बघताना स्टँडवर, दवाखान्यात नंबर येईस्तोवर दवाखान्याच्या आवारात, लग्नात अक्षता पडेपर्यंत मांडवामागं. पुढं ती सरपंच झाल्यावर श्रीगोंद्याहून गटविकास अधिकारी आले. साहेब खुर्चीवर, आत्या शाळेच्या मैदानात उकिडवी. साहेब जरा बोलले की ती चार पावलं पुढं सरकायची. शेवटी साहेबांनी खुर्ची सोडली आणि वाकून वाकून तिच्या मागनं चालत पाणी योजनेचं सगळं सांगितलं. मैदान अर्धं साफ झालं तेव्हा ती म्हणाली, "आता कळलं. अजून काही सांगायचं आसंल तर त्या कोपऱ्यात लई गवत हाय."

सत्कार तिला सोसायचा नाही. एकदा साखर कारखान्यावर तिला शाल-नारळ दिला. घरी येईस्तोवर नारळ एसटीतल्या दांड्यावर फोडून खोबरं सगळ्या गाडीला वाटलं होतं, कंडक्टरलासुद्धा. शाल थंडीत व्यालेल्या गाईच्या वासराला पांघरली. स्मृतिचिन्ह म्हणून काचेचं काहीतरी मिळालं होतं, ते तिच्या दाराला टेकण म्हणून वर्षानुवर्षं होतं. दार वाऱ्यानं आपटत नाही, चांगलं हाय, म्हणायची.

आणि पाट्यांचा तर तिला भारी राग. शाळेला एका बागायतदारानं चार पंखे दिले. एकूण एक पात्यावर त्याच्या वडिलांचं नाव, तांबड्या रंगात. देणगीचा कार्यक्रम भर उन्हाळ्यात. वर पत्रा, खाली पोरं घामानं निथळलेली, आणि पंखे बंद. का, तर फिरायला लागले की नाव वाचता येत नाही. आत्या उठली, भिंतीशी गेली आणि चारी बटणं दाबली. बागायतदार म्हणाला, "अगं आत्या, नाव दिसंना की."

"दिसंल की," ती म्हणाली. "नाव दिसलं की समजायचं लाईट गेली."

तो बागायतदार माझा मित्र. बिचाऱ्याच्या वडिलांचं नाव त्या काळात आमच्या पोरांना दिवसातून सहा-सहा तास दिसायचं.

सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं तेव्हा गावातल्या जाणत्यांनी तिलाच उभी केली. हिशोब सोपा होता. हिला नवरा नाही, पोरगा नाही, म्हणजे मागनं कारभार करायला मधे दुसरं कुणी येणार नाही, आपणच करू. तिला बिनविरोध केली, हार घातला आणि उपसरपंचांनी शिक्का आपल्या खिशात ठेवायला हात पुढं केला. आत्यानं शिक्का घेतला आणि खुरप्याच्या पिशवीत टाकला. पाच वर्षं तो तिथून हलला नाही. कुणाला दाखला पाहिजे तर ती असेल तिथं जायचं. बांधावर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून शिक्का मारून द्यायची. आमच्या गावच्या त्या वेळच्या दाखल्यांना माती लागलेली असायची. तहसीलमधले कारकून कागद झटकून घ्यायचे.

ग्रामसभेत तिला बोलणी काय कमी बसली? एकदा तर एक जण टेबलावर हात आपटून लई वंगाळ बोलला. आत्या म्हणाली, "बोल बाबा. मला पाठीत बुक्के खायची सवय हाय."

ते खरंच होतं, सांगतो. आमच्याकडं बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. तिनं बाळाच्या कानाशी लागून कुर्र करायचं, नाव सांगायचं, आणि तेवढ्यात बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत बुक्के घालायचे. ज्या बाळाला सख्खी आत्या नाही, किंवा आहे पण रुसून बसलीय, तिथं हिला बोलावणं. मराठ्यांत, धनगरांत, मांगवाड्यात, सगळीकडं जायची. निम्म्या गावाची नावं तिनं ठेवली आणि निम्म्या गावाचे बुक्के खाल्ले.

आता माझं आणि तिचं. ती सरपंच असताना अंगणवाडीचं काम माझ्याकडं होतं. कडक उन्हाळा, पाणी टँकरचं. मी विटा नीट न भिजवता भिंत कमरेपर्यंत आणली. मला वाटलं, कोण बघतंय. आत्या आली, तांब्यातलं पाणी एका विटेवर ओतलं आणि विटेला कान लावून बसली. वीट घटाघटा पाणी पीत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि चार गड्यांसमोर म्हणाली, "मिस्त्री, तान्हेली हाय ही. तुज्या सिमिटातलं पानी पिऊन टाकंल. पाड."

मी म्हणालो, मला शिकवू नको, हयात गेली माझी. ती म्हणाली, मग हयात गेलेल्या माणसाला दिसायला पाहिजे. मी थापी टाकली आणि घरी गेलो. तिसऱ्या दिवशी परत आलो, भिंत पाडली, विटा हौदात बुडवल्या आणि नवी बांधली. ती भिंत आजही उभी आहे. कुणाला शंका असेल तर जाऊन टक्कर मारून बघावी. पण आत्याशी मी वर्षभर बोललो नाही. चूक माझी होती, म्हणूनच बोललो नाही.

त्या वर्षात माझ्या थोरल्याला तिसरी मुलगी झाली. इथं मी जे बोललो ते लपवत नाही. टपरीवर चहा पिताना चार माणसांत म्हणालो, हिचं नाव नकुसा ठेवा, म्हणजे देवाला कळेल आता बास. माणसं हसली. मीही हसलो.

बारशाला आत्याला बोलावणं नव्हतं. माझी लेक त्या दिवशी सासरहून यायची होती, ती काही आली नाही. बायका नाव कुणी ठेवायचं म्हणून खोळंबल्या होत्या, तर आत्या दारात. खुरप्याची पिशवी उंबऱ्यापाशी ठेवली, हात धुतले, पाळण्याशी गेली. कुर्र केलं, कानात काहीतरी बोलली. बायकांनी बुक्के घातले. मग तिनं मोठ्यानं नाव सांगितलं.

नाव चांगलं होतं. पण गावात त्या नावाचं कुणी नव्हतं. मी आमच्या हिला विचारलं, हे कुठलं नाव? तिनं पदर तोंडाला लावला. "आवो, त्यांचंच की," म्हणाली. साऱ्या गावानं तिला आत्या म्हणून म्हणून तिचं स्वतःचं नाव माझ्याही ध्यानातून गेलं होतं. वर्षानंतर मी तिच्याशी पहिला शब्द बोललो तो हा: "आत्या, तुजं नाव का ठिवलंस?"

"माजं वापरात न्हाई," ती म्हणाली. "नुसतं पडून हाय. एकदाबी उसवलेलं न्हाई. घ्या."

मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "न्हाईतरी टपरीवर तुमी कायतरी ठिवलंच हुतं. ते तुमालाच ऱ्हाऊ द्या."

गेलो मी घराच्या मागं. काय सांगू.

तिला वडिलांच्या जमिनीत वाटा मिळाला होता. कालव्याच्या अलीकडं, रस्त्याला लागून अर्धा एकर. सोन्यासारखी जागा. ऊस येत होता. ती तिनं स्मशानाला दिली. आमच्याकडं तेव्हा दोन स्मशानं होती, एक ओढ्याकाठचं गावाचं आणि एक पलीकडं मांगवाड्यातल्या लोकांचं, तिथं जायला धड वाट नव्हती. आत्या म्हणाली, ही एकच, सगळ्यांना. कुणाचं मढं आलंय हे दारात विचारायचं नाही. गावात गलका झाला. तिचा सख्खा भाऊ तिच्या दारात येऊन थुंकून गेला. दोन वर्षं गावातल्या एकाही मोठ्या घरानं तिथं माणूस नेला नाही. मांगवाड्यातलीच तेवढी माणसं आली. मग तो भाऊच गेला. भावकी तिरडी ओढ्याकडं वळवायला लागली तर आत्या वाटेत बसली. रडत होती आणि रडता रडता वाटेतलं गवत उपटत होती. म्हणाली, माझ्या भावाला माझ्या रानात न्या, ओढ्याला मी नेऊ देणार नाही. नेला तिकडंच. त्यानंतर सगळे जायला लागले. ओढ्याकाठी आता बाभळी माजल्यात.

तिथली शेड मी बांधली. शेवटचा खांब भरला तेव्हा मीच म्हणालो, आत्या, एक बारका दगड बसवतो, तुझ्या नावाचा. मजुरी नको. ती पायाशी बसून खुरपत होती. मान वर न करता म्हणाली,

"जितं मानसाचं नाव निगून जातं, तितं माजं चिकटवतोस व्हय रे?"

मी म्हणालो, राहिलं. ती म्हणाली, राहिलं नाही, शब्द दे. मी गेल्यावर बसवतील हे. आणि बसवायला तुलाच बोलावतील. मी शब्द दिला.

गेल्या साली ती गेली. तिथंच नेली. अग्नी कुणी द्यायचा यावर घोळ होईल असं वाटलं होतं, झाला नाही. तिनं ज्यांची नावं ठेवली त्यातले जेवढे हजर होते तेवढे सगळे पुढं झाले. बायकाही.

आणि आता यंदा आमच्या नव्या सरपंचांनी तिथं बसायला कट्टा आणि दारची भिंत बांधायचं काढलं. पोरगा वाईट नाही. त्याचं नावसुद्धा आत्यानंच ठेवलेलं. भिंत मी बांधली. उद्घाटनाच्या आठ दिवस आधी नगरहून टेम्पोनं काळा दगड आला आणि माझ्या अंगणात उतरला. मी वाचायला बसलो. सगळ्यात वर मोठ्या अक्षरात उद्घाटनाला येणाऱ्या आमदार साहेबांचं नाव, शुभहस्ते म्हणून. मग सरपंच, उपसरपंच, सगळे सदस्य, ग्रामसेवक. खाली, जिथं ठेकेदाराचं नाव असतं तिथं, बारीक अक्षरात 'जागा' आणि पुढं काहीतरी. तिथं माझे डोळे पोचेनात. नात कॉलेजातून आली, तिला म्हणालो, वाच.

ती वाचायला लागली आणि थांबली. म्हणाली, "आबा, हे माझंच नाव आहे. पण पुढं हा माणूस कोण?"

पुढं आत्याच्या नवऱ्याचं नाव होतं. आणि आडनाव सासरचं.

मी तसाच सरपंचाकडं गेलो. तो म्हणाला, "मिस्त्री, मतदार यादीत तसंच हाय. आता परत कोरायला टाईम न्हाई. आन् चांगलंच करतोय ना आपन? तिचं नाव ऱ्हाईल." मी शब्दाचं सांगितलं. तो म्हणाला, म्हातारी माणसं बोलतात तसं. मनावर घेऊ नका. तुम्हाला जमत नसेल तर श्रीगोंद्याहून गवंडी बोलावतो.

गावातल्या भिंतीत श्रीगोंद्याचा गवंडी. मी म्हणालो, बसवतो.

हे मी मुद्दाम लिहितोय, कारण लोक म्हणतात मी त्याला फसवलं. फसवलं. दगडावर नाव बरोबर असतं तरी हेच केलं असतं. नवऱ्याच्या नावानं फक्त माझा हात हलका झाला. नात मात्र वाद घालत होती. म्हणाली, "आबा, बायकांची नावं तशीही कुठं राहत नाहीत. तुम्ही पण पुसायलाच निघालात." मी थापी उचलली.

कार्यक्रम सकाळी दहाचा, साहेब आले एकला. मांडव, स्पीकर, बायका एका अंगाला. भिंतीवर पडदा, त्याला दोरी. साहेबांनी दोरी ओढली. टाळ्या सुरू झाल्या आणि अर्ध्यातच विरल्या.

दगड होता. ओळंब्यात, पाणसळ लावून, एक सूतभर फरक नाही. पण समोर होती ती त्याची पाठ. खरबरीत, करवतीच्या रेघांची. लिहिलेलं तोंड आत.

साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला. सरपंच माझ्यापाशी आला, चेहरा पांढरा.

"मिस्त्री, हे काय केलं?"

मी म्हणालो, "एक अक्षर खोडलं न्हाई. सगळं हाय. तोंड तेवढं आत हाय."

तो म्हणाला, आत्ता फोडून काढतो. मी म्हणालो, काढ. भिंत मी बांधलीय. विटा भिजवून.

साहेब मुरलेला माणूस. हसले आणि माईक हातात घेतला. म्हणाले, बाबांचं काही चुकलं असेल, राहू द्या, पण ज्या माउलीनं जागा दिली तिचं नाव तरी घेऊ. सरपंचानं कागद पुढं केला. साहेबांनी नाव वाचलं. तिचं, नवऱ्याचं, आडनाव. सगळं स्पीकरवरून, गावभर.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मग बायकांतनं एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, पण ऐकू सगळ्यांना गेलं, "ही कोन गं बया? जागा तर आपल्या आत्याची."

बायका हसायला लागल्या. मग पुरुष. साहेबांनी कागदाची घडी घातली आणि भाषण उसाच्या भावावर नेलं. जेवणं झाली. जाताना दोन-तीन बायका उठल्या आणि कट्ट्याकडंचं गवत उपटून गेल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

आता सरपंच माझ्याशी बोलत नाही. पंचायतीचं काम माझ्याकडं येणार नाही असं कळवलंय. थोरला ताटावरनं उठून गेला, म्हणाला, तुमच्या हट्टापायी आम्हाला गावात तोंड दाखवायची सोय नाही. नसू दे. भिंत फोडायला श्रीगोंद्याचा माणूस येऊन गेला. दिवसभर घाव घातले, एक टवका निघाला, मग म्हणाला सगळी भिंतच पाडावी लागेल. तिथंच थांबलंय. पाडायची तर पाडा. मी परत बांधीन, दगड परत आत घालीन. हात अजून चालतात.

नातीला द्यायचं उत्तर मला कार्यक्रमानंतर दोन दिवसांनी सापडलं. जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, तरी आमचा कंडक्टर दारात लोंबकळून "चला नगर, नगर" असंच ओरडतो. पाटीवरचं वाचायला माणसाला थांबावं लागतं. हाक नुसती ऐकू येते. तिला म्हणालो, मी काही पुसलं नाही. तू हायस की.

 ती हसली, आणि तिचं ते हसणं, खरं सांगतो, थोडं आत्यासारखं आहे. सोयरीक काही नाही तरी.

ते नाव मी इथं लिहिणार नाही. शब्द तो शब्द. ज्याला ऐकायचं असेल त्यानं सांजच्या एसटीच्या वेळेला आमच्या आळीत यावं. गाडी थांबते, नात उतरते, आणि मी ओट्यावरून तिला हाक मारतो. सरपंचाचं घर पलीकडच्या गल्लीत आहे. हाक तिथवर जाते.